उचलायची मनाई

कापूस फुटला की माझी कंबर कुरकुरायला लागते. घरातली पोरं हसतात. म्हणतात, आजी, कपाशी तिकडे शेतात आणि तू इथं अकोल्यात पंख्याखाली, तुझ्या कमरेला कळतं तरी कसं? मी म्हणते, तुम्हाला नाही कळायचं बापा. दसरा उलटतो, सकाळी अंगणात उभं राहिलं की गार वारं पदराखाली शिरतं, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकायला लागतात. आणि डाव्या पोटरीतून एक ओळखीची कळ हळूच वर येते. तिच्याशी माझं आता भांडण नाही. इतक्या वर्षांत आमचं बरं जमलंय. माझं भांडण आहे ते एका हंगामाशी. तो माझ्या हातातून गेला आणि त्याच्याबरोबर जे गेलं ते पुन्हा आलं नाही.

साठ साल नुकतंच मागं पडलं होतं. हिवरखेडला आमचं घर, गावाबाहेर काळी जमीन. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, आमचे हे, मी आणि आमची पहिलीवहिली इंदू. तिला तिसरं लागलं होतं. चालायला, पळायला सगळं यायचं, पण माझ्या कडेवर बसून जग बघण्याची तिला भारी हौस. मी चुलीपुढून उठले की हात वर. मी विहिरीवरून आले की हात वर. "आई, घे." दिवसातून किती वेळा म्हणायची, कोण मोजतं! कधी कधी वैतागून मी म्हणायची, अगं, घोडी झालीस आता. तरी घ्यायचीच. लेकराचं ते ऊन ऊन वजन कमरेवर बसलं की माझं मला बरं वाटायचं, हे खरं.

इंदू पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आले. सुईण घाबरली होती, मी तर अर्धी मेलेच होते, पण आत्याबाईंचा चेहरा उजळला. पायाळू माणसाचा पाय पाठीवर फिरवला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. आणि वेचणीच्या दिवसांत उसणीला काय तोटा! दिवसभर ओणवं होऊन बोंडं वेचायची, वर वेचलेला कापूस टाकायची ओटी पाठीवर बांधलेली. सकाळ झाली की आमच्या ओसरीवर कुणी ना कुणी हजर. पालथं पडायचं, आत्याबाई इंदूचं बोट धरून आणायच्या, इंदू आपलं डावं पाऊल त्या पाठीवर ठेवून फिरवायची. मग तिला गुळाचा खडा मिळायचा. "इंदूबाई डॉक्टरीण हायेत का घरी?" असं विचारत म्हातारेही यायचे. तिचा तोरा काय वर्णावा! पाय धुऊन घ्यायची आधी. ते तिला कुणी शिकवलं होतं, देव जाणे.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दहीभात शिंपडून वेचणीचा मुहूर्त झाला, त्याला आम्ही सीतादही म्हणतो, आणि कापूस घरात यायला लागला. तेव्हा वेचलेला कापूस लगेच बाजारात नेत नसत. भाव बघत थांबायचं. तोवर मधल्या खोलीत ढीग लागायचा, वाढत वाढत आढ्याला टेकायचा. त्या खोलीला एक वास असतो, उन्हाचा आणि सरकीच्या तेलकटपणाचा. आजही कुठं तो वास आला की मला थांबावंसं वाटतं आणि पळावंसंही वाटतं. पोरांना त्या ढिगात उड्या मारू नका म्हणून कितीही ओरडा, ऐकतील तर पोरं कसली. त्या दुपारी इंदू ढिगाच्या वरून घसरली ती छातीपर्यंत आत. नुसतं डोकं आणि दोन हात वर. रडत नव्हती, उलट मजेत हसत होती. "आई, घे!"

मी ढिगात शिरले. कापसात पाय टिकत नाही. गुडघ्यापर्यंत रुतलेली मी, पुढं वाकून, हात लांब करून तिला ओढून वर घेतलं. कमरेत खट्ट झालं. मला ते ऐकू आलं, शपथ घेऊन सांगते. इंदू माझ्या हातात होती, तिला नीट खाली ठेवलं, एवढं आठवतं. मग मी तिथंच कापसात बसले ती मला उठता येईना. कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत, तापलेली तार ओढल्यासारखी.

"काही नाई झालं, उसण भरली," आत्याबाई म्हणाल्या. "घरात पायाळू पोरगी असतांनी काहून भेते वं? बलावा इंदूले."

इंदू आली. आज तिची आईच तिची रोगी, यापेक्षा मोठी गोष्ट कोणती! पाय धुऊन, ओल्या पावलांनी ठुमकत आली. मला पालथं घातलं होतं. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "उगी, आई. आता बरं होते." आणि पाऊल ठेवलं. ते पाऊल मला लागलं नाही. पारव्याएवढं वजन. फरक पडेना म्हणून आत्याबाईच म्हणाल्या, "अशानं नाई होत. पुरी उभी राह्य, बाई. दोन्ही पाय दे." त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. सून लवकर उठावी, एवढंच होतं. इंदू दोन्ही पायांनी माझ्या कमरेवर उभी राहिली आणि मी किंचाळले. बाळंतपणात ओरडले नसेन अशी ओरडले. ती किंकाळी माझी मला परकी वाटली. इंदू पाठीवरून खाली पडली, उठली आणि पळाली. तिला शोधायला माणसं पाठवावी लागली. गोठ्यात गव्हाणीमागं बसलेली सापडली.

त्या दिवसापासून ती माझ्या खोलीत आली नाही. उंबऱ्याशी यायची, चौकटीला धरून उभी राहायची, बघायची. मी म्हणायची, "ये ना वं माय, जवळ ये." की ती गेलीच. मी हात पुढं केला तरी माझं तोंड वेदनेनं वाकडं व्हायचं, आणि तिचं लक्ष तेवढ्यावरच असायचं.

शेवटी हे म्हणाले, हे काही उसणीचं काम नाही, अमरावतीला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. अमरावती माझं माहेर. तिथल्या डॉक्टरांनी पाय उचलून बघितला, अंगठा दाबून बघितला आणि सांगितलं की दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ चकती असते, ती सरकून बाहेर आली आहे आणि नसेवर दाबते आहे. कापाकापी नको, पण फळीवर झोपायचं, कमरेला ताण द्यायचा आणि नंतर व्यायाम. आणि उचलायचं काही नाही. पाण्याची कळशी नाही, कपड्यांची बादली नाही, लेकरू नाही. "लेकरू तर नाहीच नाही," ते दोनदा म्हणाले. मग इंदूला माझ्याजवळ ठेवण्यात अर्थ नव्हता. तिला अकोल्याला माझ्या नणंदेकडे ठेवायचं ठरलं. ताईंची स्वतःची पोरं होती, घर भरलेलं होतं, त्यांचा जीवही मोठा. सगळं रीतसर ठरलं. मला कुणी विचारलं नाही असंही नाही. मीच हो म्हटलं.

दवाखान्यात कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्या कप्पीवरून खाली आणि खाली वजनं. पलंगाचा पायथा विटांवर चढवलेला. मोटेला जुंपल्यासारखी मी दिवस दिवस पडून. आमचे बाबा भेटायला यायचे तेव्हा मिशीत हसून म्हणायचे, "काय वं, कोनती विहीर उपसून राहिली?" मला हसू यायचं आणि हसण्याची भीती वाटायची, कारण हसलं की कळ. शिंक आली तर देवाचं नाव घ्यायचं. आज सांगताना गंमत वाटते, तेव्हा शिंकेला मी वाघाएवढी भ्यायची.

वजनं सुटली आणि मी व्यायाम शिकवणाऱ्या कामत बाईंच्या हातात पडले. मूळ मुंबईच्या. नवऱ्याची बदली अमरावतीला झाली म्हणून इकडे आलेल्या, आणि मुंबईला या व्यायामाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. आमची अमरावती तालमींची, लेझमीची. तिथं लोकांनी त्यांचं नाव 'कसरतवाल्या बाई' पाडून टाकलं. शेजारच्या काकू तर माझ्या आईला विचारून गेल्या, पोरीला मल्लखांबावर चढवतात का म्हणून. कामत बाई बुटक्या, गोऱ्या, आवाज खणखणीत. आमचं बोलणं ऐकून सुरुवातीला दचकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तुमच्याकडे बायका एकमेकींशी बोलतात की भांडतात, मला अजून कळलेलं नाही."

त्यांचा व्यायाम म्हणजे दिसायला काहीच नाही. पालथं पडायचं. तळवे छातीशी. कंबर सैल सोडायची आणि नुसती छाती उचलायची, साप फणा काढतो तशी. पहिल्या दिवशी छाती चार बोटंही वर आली नाही आणि मी रडले. त्या म्हणाल्या, "रडा, पण श्वास सोडत रडा." अशी बाई! पण खरं सांगते, त्या पालथ्या पडण्यातून माझ्या पोटरीतली कळ हळूहळू वर सरकत कमरेशी गोळा झाली. बाई खूश. म्हणाल्या, ती पायातून निघाली की अर्धी लढाई जिंकली. तसंच झालं. त्यांच्या शास्त्राला मी कधी नावं ठेवणार नाही. आजही सकाळी चहाच्या आधी मी सतरंजीवर पालथी पडते, आणि नातवंडं माझ्याबरोबर ओळीनं पालथी पडून खिदळतात.

पालथं पडून जग बघितलंत का कधी? फक्त फरशी दिसते आणि पाय. मी माणसं पायांवरून ओळखायला शिकले होते. कामत बाईंच्या पांढऱ्या चपला, बाबांचे धुळीचे जोडे, आईची जोडवी. एकदा हे इंदूला अकोल्याहून भेटायला घेऊन आले. मी फळीवर पालथी, छाती उचललेली, आणि दारात मला ह्यांच्या वहाणा दिसल्या आणि त्यांच्या शेजारी दोन लहानसे पाय, नव्या लाल सँडलमध्ये. ताईंनी घेतले असणार. पाय दारातच थांबले. मी श्वास रोखून पडून राहिले, तोंडावर वेदना दिसू नये म्हणून. एक पाय पुढं आला. मग मागं गेला. मग दोन्ही वळले. ते पाय धरायला मला चार हात तरी पुढं जायचं होतं, आणि उठायला मला केवढा वेळ लागायचा! उठेपर्यंत बाहेर ह्यांचा आवाज येत होता, "असं करते का कुनी? आई हाये न् थे."

नंतर ताईंनी सांगितलं, इंदू अकोल्याला कुणाच्याच पाठीवर पाय ठेवत नाही. शेजारची म्हातारी मुद्दाम उसण घेऊन आली होती, गूळ दाखवला, पैसा दाखवला, पण नाही. आणि ताईंना कुशीत शिरून म्हणाली, "म्या पाय देल्ला म्हून आईची कंबर मोडली." ताईंनी तिला समजावलं, कापसात ओढताना मोडली गं वेडे, तुझ्या पायानं नाही. हे समजावणं तर त्याहून वाईट झालं असेल, असं मला आता वाटतं. कापसातून वर ओढलेलं लेकरूही तीच होती ना!

संक्रांतीच्या सुमाराला मी चालती झाले. कमरेला पट्टा बांधून घरी आले, चार दिवसांत इंदूला आणायचं ठरलं. आणि आत्याबाईंनी मला माझा पलंग दाखवला. पिंजाऱ्याला घरी बसवून, पहिल्या वेचणीचा निवडक कापूस पिंजून, त्यांनी माझ्यासाठी गादी भरून घेतली होती. केवढी जाड! स्वतःच्या लेकीच्या लग्नातही त्यांनी अशी दिली नव्हती. मी चाचरत म्हटलं, डॉक्टरांनी फळी सांगितली आहे. त्यांचा चेहरा पडला. "आपल्या घरी एवढा कापूस अन् सून फळीवर निजते? लोकं थुकतीन माह्यावर." कपाशीच्या घरात माया अशी मोजतात, मऊपणानं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय करणार? त्या गादीवर मी झोपले. झोपले कसली, बुडाले. चार रात्री गेल्या आणि पाचव्या सकाळी ती तापलेली तार पुन्हा अंगठ्यापर्यंत. इंदूला आणायला निघालेली गाडी मला घेऊन अमरावतीला गेली.

कामत बाईंनी कपाळावर हात मारला. "गादीवर झोपलात? अहो, तुमच्याकडे कापूस पिकतो हा तुमच्या मणक्याचा दोष आहे का?" मी हसले आणि मग मला रडू कोसळलं. म्हटलं, बाई, माझं लेकरू मला विसरेल हो. त्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "मूल कुठं पळून जातंय? पाठ आधी." सगळ्या उपचारात त्यांचं एवढंच एक चुकलं.

पुन्हा फळी, पुन्हा पालथं पडणं. मात्र आता बाई मला उचलायला शिकवू लागल्या. वाकायचं नाही, गुडघे मोडायचे, पाठ सरळ, वस्तू छातीशी ओढून घ्यायची आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. आधी उशी. मग माझ्या आईनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, तिच्यात सरकी भरली, रोज थोडी जास्त. ती पिशवी कवटाळून मी उठायची, बसायची. उन्हं चढली, अंगणातल्या निंबाला मोहोर आला, माझी पिशवी भरत गेली. एक दिवस बाईंनी ती तोलून बघितली आणि म्हणाल्या, "झालं. एवढंच असेल ना तुमचं लेकरू? आता उचला खुशाल." त्या दिवशी मी देवाला नारळ फोडला. पिशवी मला बिलगत नव्हती, एवढाच काय तो फरक होता.

किती वेळा मी मनाशी हा हंगाम उलगडून बसते. दोष कुणाच्या पदरात टाकावा तर कुणाचाच पदर सापडत नाही. आत्याबाईंनी जीव लावला, ताईंनी लेकरू सांभाळलं, बाईंनी मला उभं केलं. सगळ्यांनी चांगलंच केलं. म्हणूनच ही हळहळ कुठं नेऊन ठेवावी ते कळत नाही. रागाला निदान जागा असते. मागून मला मुलगा झाला, त्याला मी मनसोक्त उचललं, त्याची पोरंही या कमरेवर वाढली. लोक म्हणतात, भाग्याची आहेस. आहे, नाही कोण म्हणतं.

इंदू आता नाशिकला असते. मोठी कर्ती बाई. स्टेशनवर उतरले की माझ्या हातातली पिशवी आधी काढून घेते. "दे इकडे, तू उचलू नको." भाजीची पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही. तिला त्या हंगामातलं काही आठवत नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "आई, तू पण ना! तीन वर्षांच्या पोराला काय आठवणार?" खरंच आहे. तिला काही आठवत नाही, फक्त ती मला काही उचलू देत नाही.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मी अकोल्याला गेले, इंदूला आणायला. बरोबर हे होते. पट्टा मी मुद्दाम काढून ठेवला होता. ताईंच्या ओसरीत इंदू इतर पोरांबरोबर चिंचोके खेळत होती. उंच झाली होती. गालाचं बाळसं उतरलं होतं. मला बघून उठून उभी राहिली, पळाली मात्र नाही. मी बाईंनी शिकवल्याप्रमाणे गुडघे मोडले, पाठ सरळ ठेवली, दोन्ही हात पसरले आणि हसले. वेदना नव्हतीच, त्यामुळे हसू खरं होतं. म्हटलं, "ये वं माय. आता घेतो तुले."

तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग आत गेली. मला वाटलं, गेली. पण आतून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. ताईंच्या स्वयंपाकघरातला लाकडी स्टूल. तो तिनं ओसरीत माझ्यासमोर आणून ठेवला, त्यावर गुडघा टेकून चढली, उभी राहिली आणि म्हणाली, "उठ. तू वाकू नको, डॉक्टर रागावते. मीच वर येतो."

मी उठले. तिनं माझ्या गळ्यात हात घातले, गाल माझ्या गालाला लावला. इतक्या महिन्यांनी. मी तिच्या काखेत हात घातले आणि उचलणार तोच ती ताठ झाली. "नको." तिचे पाय स्टूलवर घट्ट होते. तशीच उभी राहून ती मला भेटली, आपलं सगळं वजन आपल्याच पायांवर ठेवून. ताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, किती शहाणी झाली बघा पोरगी. हे पण म्हणाले, हो, शहाणी झाली. मी मान हलवली.

त्यानंतर इंदू मला कधी "घे" म्हणाली नाही. माझी पाठ तेव्हा पूर्ण बरी झाली होती.